वरचे दोन दात

१० नोव्हें., रवि.
लग्नांचा सीझन आठवड्यावर आला. वाद्यांच्या पेट्या अंगणात काढल्या. बँडच्या चौदापैकी अकरा आले. तिघांना ताप आहे की आळस, ते त्यांचं त्यांना ठाऊक. लाल कोट उन्हात टाकले. तीन कोटांची बटणं लागत नाहीत. कोट आटले म्हणतात. पोटं वाढली असं कोणी म्हणत नाही.

ट्रॉम्बोनला कामठीचा नवा माणूस आलाय. वसंतानं त्याला बाजूला घेऊन आमची रीत समजावली. मी ऐकत होतो. "मास्तर गाणं सोडून मधातच एकटे फिरायले जातात. कुठं जातील, किती वेळ जातील, विचारायचं नाही. आपण दोन सूर धरून उभं राहायचं. डावा खांदा उचलला का घरी आले समजायचं, आन सगळ्यानं एकदम जोरात घुसायचं. खांद्याकडे पाहायचं, तोंडाकडे नाही."
चौतीस वर्षं वसंता माझ्यासोबत ट्रम्पेट वाजवतोय, पण इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

वरच्या मधल्या दोन दातांवर क्लॅरिनेट टेकतं. त्यातला एक हलतोय. दुसरा त्याला सोबत करतोय. बायको, शालू, ही वही पुसायला उचलते नि शेवटची ओळ तेवढी वाचून घेते. म्हणून इथून पुढे शेवटच्या ओळीत नुसता 'द.' लिहीन.

१४ नोव्हें., गुरु.
सक्करदऱ्याच्या तलावाकडे दवाखाना आहे, तिथं गेलो. घरी सांगितलं, पत्त्या आणायला इतवारीत जातो. क्लॅरिनेटच्या पत्त्या, रीड. शालूला तेवढं कळतं.

डॉक्टर आमच्या पोरीच्या, चेतनाच्याच वयाची मुलगी. "काका, काय कडक चावता?" म्हटलं, काही नाही, वाजवतो. पेटी उघडून दाखवली. तिनं माऊथपीस हातात घेतलं, त्यावरचे माझ्या दातांचे दोन खड्डे पाहिले, मग माझ्याकडे. हाड झिजलंय, दोन्ही काढावे लागतील. कवळीवर हे वजन टेकवलं तर कवळी हातात येईल. मी विचारलं, मग वाजवायचं कसं? म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार काका." खोटं नाही बोलली. आवडली मला.

संक्रांतीपर्यंत थांबता येईल का? थांबा, पण वाजवू नका. मी मान डोलावली. वाजवायचं नसेल तर थांबायचं कशासाठी, हे तिच्या लक्षात आलं नाही.

रस्त्यात दादांची आठवण आली. आज नको.

१८ नोव्हें., सोम.
वरात मेडिकल चौकात अडकली. पाऊण तास. पुढे सिटी बस, मागे नवरदेवाची घोडी, मधे आम्ही. नवरदेवाचा काका म्हणाला, "मास्तर, चालू राहू द्या ना जी."
मग गेलो फिरायला. कुठून कुठं गेलो सांगता येणार नाही. बसचा हॉर्न एका सुरात अडकला होता, त्यालाच धरून वर चढलो. ढोलवाला हसत होता. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून पाहत होती. परत आलो, खांदा उचलला, तेरा जण भिंत पडावी तसे घुसले. अंगावर काटा आला. एकसष्टाव्या वर्षीही येतो.

दादा, माझे वडील, लोको शेडला फिटर होते. ड्यूटी सुटली की रेल्वेच्या डान्स हॉलमध्ये जात. तिथल्या गोव्याच्या बँडमास्तरनं त्यांना जाझ शिकवलं. तो म्हणायचा म्हणे, गाणं पाठ करू नको, गाण्याचं घर पाठ कर. मग कुठंही भटक, घर सापडतं. दादांनी ते मला दिलं. मी ते लग्नाच्या वरातीत घातलं. जाझ म्हटलं तर आमच्याकडे कोणी सुपारी देणार नाही. फिरायला जाणं म्हटलं की चालतं.

द. तीन तास ठणकला. लवंग.

२५ नोव्हें., सोम.
कालचं लिहिलंच पाहिजे. टाळून उपयोग नाही.

दुपारचं लग्न, पाचला बिदाई. संथ गाणं. पोरगी आईच्या गळ्यात पडलेली, आई तिच्या. ढोल बंद ठेवायला लावला होता. मी एकटाच वाजवत होतो, बाकीचे दोन सूर धरून. लांब सूर घेतला आणि दातातून कानापर्यंत कळ गेली. अंग आक्रसलं. डावा खांदा वर गेला.

तेरा माणसं खांद्याकडेच पाहत होती. त्यांना मीच शिकवलंय.

एकदम, जोरात, घुसले. थेट नाचाचं. ढोलानं तर दिवसभराचा राग काढला. नवरदेवाचे दोन मित्र सवयीनं हात वर करून नाचायला लागले. पोरीची आई रडायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. पोरगी आधी हसली, नाक पुसत हसली, आणि मग जी रडायला लागली ती गाडीत बसेपर्यंत. मी हात दाखवून थांबवेपर्यंत पंधरा-वीस सेकंद गेले असतील. त्यांच्या घरच्या व्हिडिओत ते कायमचे राहणार.

पोरीचा बाप जवळ आला. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मास्तर, हे काय केलं जी?"
माफी मागितली.

२६ नोव्हें., मंगळ.
सकाळीच वसंता आला. कोट अंगात असला की मला 'तुम्ही' म्हणतो, साध्या शर्टात 'तू'. आज शर्टात होता.
"दात दुखून राहिला ना तुहा?"
म्हटलं, तुला कसं कळलं?
"खांदा सुरावर उचलतोस तू. परवा मधातच उचलला. काहून लपवलं गा?"
"तू थांबवशील म्हणून."
"हो, थांबवलंच असतं." चहा संपवला. "आपलेच दात आन आपलेच ओठ. कोणाले बोलशील?"

सगळं सांगितलं. दोन्ही जाणार, मग वाजेल की नाही ठाऊक नाही. तो म्हणाला, पुढची ओळ मी ट्रम्पेटवर घेतो, तू फक्त समोर राहा. मी नाही म्हटलं. नुसता खांदा उचलायला समोर राहू का? दोघांच्याही मनात दादाच होते. दादांचं वाजवणं सुटलं तेव्हा वसंता तिथं होता.

१ डिसें., रवि.
लिहून टाकतो. वही माझीच आहे.

बावीस वर्षं झाली. दादा सहासष्ट वर्षांचे होते, वरचे दात सगळे गेलेले. तरी वरातीत यायचे. दोन्ही ओठ आत दुमडून वाजवायचे. सूर लागायचा, पण त्यात वारा असायचा, फुंकरीसारखा. रस्त्यावर ढोलाखाली दबून जायचा. बँड माझ्या नावावर नुकता झाला होता. गिऱ्हाइकांनी तक्रार केली असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. शालूला सांगितलं, डॉक्टरांनी मनाई केली. दोन्ही खोटं. तक्रार कोणाचीच नव्हती. मला लाज वाटत होती.

उमरेड रोडला वरात संपली, टेम्पोत सामान चढत होतं. सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, उद्यापासून घरीच बसा."
त्यांनी क्लॅरिनेट पुसलं. पत्ती काढून डबीत ठेवली. पेटी मला दिली. "बरं," म्हणाले. त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण मी त्यांच्या हातात वाद्य पुन्हा पाहिलं नाही. मी आज वाजवतो ते क्लॅरिनेट त्यांचंच.

हे पहिल्यांदा लिहिलं. शरम वाटते. हलकं वगैरे काही वाटत नाही.

८ डिसें., रवि.
शालूनं पोह्यांच्या ताटासमोर विचारलं, "हे द. द. काय आहे जी? दारू तं नाही ना चालू केली या वयात?" दात म्हटल्यावर आधी हसली, मग चिडली. महिनाभर मऊ भात काहून मागत होते ते आता समजलं म्हणे. तिला दादांचंही खरं सांगितलं. "मामंजीले माहीत होतं, तुम्ही मले खोटं सांगतलं ते," म्हणाली. "मले म्हणायचे, डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याचं ऐकलं पाहिजे."
मी हात धुवायला उठलो.

१५ डिसें., रवि.
कन्हानची वरात. यानंतर संक्रांतीपर्यंत मुहूर्त नाही. दाताखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वाजवलं. सगळं सरळ, गाणं जसं आहे तसं. नव्या ट्रॉम्बोनवाल्यानं वसंताला विचारलेलं ऐकलं, "आज मास्तर फिरायले नाही गेले?" वसंता म्हणाला, "आज घरी काम आहे त्याहिले."
पूल ओलांडताना नदीवरून गार वारा आला. हे शेवटचं असेल तर फार साधं झालं, असं वाटलं. वाईट वाटलं.

१७ डिसें., मंगळ.
काढले. दोन्ही. वीस मिनिटं. डॉ.नं कागदाच्या पुडीत दिले. इतके लहान असतील असं वाटलं नव्हतं. हिरडी भरल्यावर कवळीचं माप. फुंकायचं काहीच नाही, चहासुद्धा.

२२ डिसें., रवि.
पेज. वरण. पेज.
बसल्या बसल्या जुनं आठवतं. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला पळालो होतो, हॉटेलच्या बँडमध्ये. काळा सूट, मागे आरसा. अस्सल जाझ वाजवत होतो, आणि लोक जेवत होते. दोन वर्षांत एकानंही मान वर केली नाही. परत आलो तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "फिरून झालं?" दुसऱ्या दिवशी वरातीत उभं केलं. तिथं निदान लोक नाचत होते. मोठं नाव झालं असतं का तिकडे? झालं असतं किंवा नसतं. रस्त्यावर जे मिळालं ते मला पुरलं, हे मात्र खरं.

२९ डिसें., रवि.
आज जे झालं ते नीट लिहितो.

चेतनाला सुट्टी. हिंगण्याच्या कंपनीत आठवडाभर मालाची तपासणी करते, रविवारी घरात माझी करते. "तोंड उघडा बाबा." पाहिलं. "भरलं आहे. आता वाजवून पाहा."
म्हटलं, कशावर टेकवू?
"ओठावर. आजोबा वाजवायचे तसं."
ती पाच वर्षांची होती दादा थांबले तेव्हा. म्हटलं, तुला काय आठवतं त्यांचं?
ती शालूकडे पाहायला लागली. शालू म्हणाली, "सांगून टाक वं आता."

मी वरातीला गेलो की दादा जुनं क्लॅरिनेट काढायचे. एक चावी तुटलेलं, माळ्यावर टाकलेलं दुसरं. रबर लावून चावी बांधली होती त्यांनी. चेतनाला समोर बसवून वाजवायला शिकवायचे. नऊ वर्षं. ती चौदा वर्षांची होईपर्यंत. मला वाटायचं पोरगी माझ्याकडून शिकली, माझं ऐकून ऐकून. मी चार लोकांत तसं सांगितलंही आहे.
"मले नाही का सांगायचं कोणी?"
"आजोबा म्हणायचे, त्याले नको सांगजो. त्याले वाईट वाटंन."

त्यांना नाही, मला वाईट वाटेल म्हणून. मी उठून अंगणात गेलो. रडलो. आत आलो तेव्हा तिनं पेटी उघडून ठेवली होती.

मग पोरीनं बापाला शिकवलं. खालचा ओठ आत, वरचाही आत, दातांऐवजी ओठाचीच गादी, क्लॅरिनेट जरा वर उचलायचं, उजव्या अंगठ्यावर जास्त भार. पहिला सूर बदकाचा. दुसरा त्याच्या पिल्लाचा. शालू स्वयंपाकघरात हसत होती. दीड मिनिटात ओठ सुन्न.

३ जाने., शुक्र.
चार मिनिटं. वरच्या ओठाला आतून फोड आलाय. चेतना फोनवर म्हणते, मीठ-पाणी आणि रोज थोडं थोडं, घोड्यावर बसून नाही.

८ जाने., बुध.
अकरा मिनिटं. आज पहिल्यांदा पूर्ण गाणं.
सूर दादांचाच आहे. हुबेहूब. वारा मिसळलेला, कडेला जरा फाटका. ज्याची मला लाज वाटली होती तोच माझ्या तोंडातून आला. खोलीत ऐकला तर गोड आहे. खरंच गोड आहे, आधीच्या माझ्या सुरापेक्षा मऊ. हे मला बावीस वर्षांपूर्वी ऐकू आलं नाही.
पण खोली म्हणजे रस्ता नाही. समोर दोन ढोल, दोन साइड ड्रम, झांजा, मागे जनरेटर. तिथं पोचतो का, हे मला वाजवताना कळणार नाही. कोणीतरी चाळीस पावलांवरून सांगावं लागेल. शुक्रवारी, १७ ला, संक्रांतीनंतरची पहिली वरात.

चेतनाला विचारलं, तू उभी राहतेस का पुढे? "रस्त्यावर यायची मले भीती नाही बाबा. पण तुम्ही थकले म्हणून नाही येणार. मले यायचं असंन तवा येईन." बरोबर आहे. जागा भरायला माणूस हवा म्हणून पोरीला बोलवू नये.

१२ जाने., रवि.
वसंताला आणि ढोलवाल्यांना तलावाजवळच्या मैदानात बोलावलं. बाकी कोणाला नाही. वसंताला आधीच सांगितलं, मैत्री घरी ठेवून ये. मी दादांना जसं ऐकलं तसं नाही, त्यांचं जसं ऐकायला पाहिजे होतं तसं ऐक, आणि वाजत नसेल तर तोंडावर सांग. तुझं मी ऐकेन. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.
"हे काम मले काहून देतोस गा?"
म्हटलं, तू तिथं होतास म्हणून.

तो पावलं मोजत गेला, बाभळीपाशी उभा राहिला. ढोल सुरू झाले. मी वाजवायला लागलो. पहिली दोन कडवी सरळ. मग वाटलं, परीक्षाच आहे तर पूर्ण द्यावी. गेलो फिरायला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. पूर्वीसारखं उंच जाता येत नाही, ओठ सोडून देतो. मग खालूनच गेलो, बोळाबोळातून, पूर्वी कधी गेलो नव्हतो अशा वाटेनं. घर सापडलं. खांदा उचलला. ढोल घुसले, आणि ट्रम्पेट आलं नाही. वसंता ऐकायला उभा होता, त्याच्या हातात वाद्यच नव्हतं. विसरलो होतो मी.

तो चालत आला. टोपी काढली, डोकं पुसलं. ढोलवाले त्याच्याकडे पाहत होते, मीही.
"उद्या सांगतो," म्हणाला.
"आत्ता सांग."
"नाही. आजची रात मले पाहिजे."
गाडी काढून गेला. मला राग आला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही, आणि चौतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

१३ जाने., सोम.
झोप बरी लागली. सकाळी अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. शालू म्हणाली, कुठं निघाले का? कुठं नाही.

वाजत नाही म्हणाला तर? मी 'बरं' म्हणेन. ठरवलंय. लाल कोट वसंताला, पुढची ओळ त्याची. रविवारी घरी वाजवेन, चेतनासोबत. दादांनी नऊ वर्षं तेवढ्यावर काढली, मलाही काढता येतील. हे लिहिताना सोपं वाटतं. वाजवायचंय मला. रस्त्यावर, ढोलापुढे. ते काही लपत नाही.

वाजतं म्हणाला तर खरं बोलतोय की माझ्यासाठी बोलतोय, हे कसं ओळखू? त्याला मी विचारणार नाही. ऐकेन म्हणालो आहे.

त्यानं विचार करायला एक रात्र मागून घेतली. मी दादांसाठी तेवढीही घेतली नव्हती. टेम्पोत सामान चढेपर्यंतसुद्धा थांबलो नाही.

साडेदहा. गेटाशी गाडी थांबली. वसंताचीच, आवाजावरून कळतं. बंद केली, पण उतरत नाहीये. शालू खिडकीतून म्हणते, "आत या ना जी, बाहेर काहून उभे?" तो काहीतरी म्हणाला, इथवर आलं नाही.
दार उघडायला मीच जातो.